पुढे घसरायचं, मागे नाही: एंगाडीनच्या दरीतलं क्रॉस कंट्री स्कीइंग

माझा मावसभाऊ नाशिकहून झुरिकला आला होता, फेब्रुवारीत, आणि त्याला बर्निना एक्सप्रेसने फिरवणं हे माझं कर्तव्यच होतं कारण आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला टिटलिस, युंगफ्राउ आणि ही लाल ट्रेन एवढंच पाहायचं असतं. तर एंगाडीन दरीतलं पोंत्रेसिना गाव सोडल्यावर मोर्तेरात्श हिमनदीच्या बाजूने गाडी वर चढायला लागली, खिडकीच्या खाली पांढरा रस्ता, त्यावर माणसं. तो म्हणाला, "ताई, हे लोक स्की घालून चढावर चालतायत का? आणि ते बघ, ते दोघं स्केटिंग करतायत आणि ही आजी नुसती चालतेय, एकाच रस्त्यावर दोन खेळ आहेत की काय?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी ट्रेनमध्ये जे उत्तर दिलं ते अर्धवट होतं कारण मधे बर्निना खिंड आली आणि साहेब फोटो काढण्यात गुंतले, म्हणून आता नीट लिहितेय.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. सिनेमात दिसतं ते, म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि सूं करत खाली यायचं, ते अल्पाइन स्कीइंग. त्यात बूट आख्खाच्या आख्खा स्कीला जखडलेला असतो, टाच हलत नाही, स्कीच्या कडेला पोलादी धार असते आणि इंजिनाचं काम गुरुत्वाकर्षण करतं. क्रॉस कंट्रीत इंजिन तुम्ही स्वतः. स्की अरुंद, हलकी, कडेला पोलाद नाही, बूट फक्त बोटांपाशी अडकवलेला आणि टाच मोकळी, चपलेसारखी. सपाटी, चढ, उतार, जे समोर येईल ते पायांनी आणि हातातल्या दोन काठ्यांनी कापायचं. नॉर्वे-स्वीडनकडे हे काही शतकांपूर्वी हिवाळ्यात शेजारच्या गावाला जायचं साधन होतं, खेळ नंतर झाला.

आता खरा मुद्दा, आणि माझ्या मते हा एकच मुद्दा कळला की बाकी सगळं आपोआप कळतं. पायाखाली गुळगुळीत वस्तू बांधली तर ती पुढे छान घसरते हे ठीक, पण पुढे जायला पाय मागे रेटावा लागतो ना, आणि रेटला की गुळगुळीत वस्तू मागेही तितकीच छान घसरते! कोकणात पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे आपल्याला अशी वस्तू हवी जी पुढे घसरेल पण मागे घसरणार नाही. या एका कोड्याची दोन उत्तरं माणसांनी काढली, पहिल्याचं नाव क्लासिक आणि दुसऱ्याचं स्केटिंग. स्की वेगळी, बूट वेगळे, काठ्या वेगळ्या, रस्त्याचा भागसुद्धा वेगळा, हे सगळं त्या दोन उत्तरांमधून येतं.

क्लासिक म्हणजे ती ट्रेनमधून दिसलेली आजी. दोन्ही स्की समांतर, बर्फात मशीनने कोरलेल्या दोन खाचांमध्ये, रुळावर आगगाडी असावी तशा. हालचाल आपल्या चालण्याचीच, डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे, फक्त प्रत्येक पावलानंतर थोडं घसरत जायचं. बघणाऱ्याला वाटतं की आजी रमतगमत चाललीय. तिच्या मागे लागून बघा, दहा मिनिटांत आजी दिसेनाशी होते, मी स्वानुभवाने सांगतेय.

पण मग तिची स्की मागे का घसरत नाही? इथे खरी कारागिरी आहे. क्लासिक स्की सपाट फळी नसते, तिला कमान असते, धनुष्यासारखी. जमिनीवर ठेवली तर पुढचं टोक आणि मागचं टोक टेकतं, मधला भाग, म्हणजे नेमका तुमच्या पावलाखालचा, वर उचललेला राहतो. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असेल तर कमान पूर्ण दबत नाही, फक्त टोकं टेकतात आणि स्की मस्त घसरते. पण तुम्ही पूर्ण वजन एका पायावर टाकून खाली दाबलंत की कमान चेपते आणि मधला भाग बर्फाला टेकतो. आणि त्या मधल्या भागातच पकडणारं काहीतरी लावलेलं असतं. झालं! घसरायचं तेव्हा पकड हवेत, रेटायचं तेव्हा पकड बर्फावर. इतकी साधी आयडिया आहे की पहिल्यांदा कळली तेव्हा मी दुकानातच मोठ्याने हसले होते. आणि म्हणूनच भाड्याने स्की देणारा माणूस उंचीबरोबर तुमचं वजन विचारतो, आणि तिथे खोटं सांगून चालत नाही. पाच-सात किलो कमी सांगितले तर तो मऊ कमानीची स्की देतो, मग ती दिवसभर चेपलेलीच राहते आणि घसरतच नाही. जास्त सांगितले तर कमान चेपतच नाही आणि तुम्ही जागच्या जागी पाय घासत बसता.

ते पकडणारं "काहीतरी" म्हणजे तीन प्रकार. सगळ्यात सोपा म्हणजे प्लास्टिकच्या तळालाच कोरलेले खवले, पाट्याला टाकी लावतात ना तसे, फक्त एका दिशेने उतरते, त्यामुळे पुढे जाताना सरकतात आणि मागे जाताना अडकतात. काही करावं लागत नाही, पण घसरताना सतत घरघर आवाज येतो आणि वेग जातो. दुसरा प्रकार कातड्याचा, म्हणजे मोहेरच्या, अंगोरा शेळीच्या लोकरीची आखूड पट्टी तळाला चिकटवलेली असते. मांजराच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर केस उभे राहतात, तेच इथे. हल्ली हौशी लोकांपैकी बहुतेक हीच स्की घेतात आणि मीही हीच वापरते, उगाच शहाणपणा नको.

तिसरा प्रकार वॅक्स. हा वेगळाच धर्म आहे. स्कीच्या टोकांना घसरायचं वॅक्स, इस्त्रीने वितळवून लावायचं, थंड झालं की खरवडायचं, ब्रश मारायचा. आणि मधल्या भागाला पकडायचं वॅक्स. बर्फाचे कण टोकदार असतात, पाय दाबला की ते या मऊ वॅक्समध्ये क्षणभर रुततात आणि स्की थांबते, वजन उचललं की सुटतात. आता गंमत अशी की बर्फ रोज वेगळा असतो. ताजा पडलेला आणि कडक थंडीतला बर्फ म्हणजे सुयासारखे टोकदार कण, त्याला कडक वॅक्स पुरतं, मऊ लावलं तर कण आत घुसून बसतात आणि स्कीच्या तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. तापमान शून्याकडे आलं, कण गोलसर झाले, की मऊ वॅक्स हवं. म्हणून डब्यांना रंग दिलेले असतात, ढोबळमानाने हिरवा कडक थंडीचा, निळा त्याहून जरा कमी थंडीचा, जांभळा शून्याच्या आसपासचा, लाल शून्याच्या वरचा. आणि दिवसा वितळून रात्री गोठलेला काचेसारखा बर्फ असेल तर डब्यातलं वॅक्स कामाचंच नाही, तिथे ट्यूबमधलं क्लिस्टर. क्लिस्टर म्हणजे काय ते समजवायला मराठी माणसाला एकच शब्द पुरतो, फणसाचा चीक. हाताला, जॅकेटला, गाडीच्या स्टिअरिंगला, सगळीकडे लागतो आणि साबणाने जात नाही. फणस चिरताना हाताला खोबरेल लावायची आपली पद्धत इथल्या एका वॅक्सवाल्या काकांना सांगितली तर ते मनापासून खूश झाले.

घसरायच्या वॅक्सचीही एक भानगड झाली होती. त्यात फ्लोरिन असलेली रसायनं घालायचे, पाणी इतकं झटकायची की स्की रॉकेट व्हायची. पण ही रसायनं निसर्गात कुजून मोडत नाहीत, मातीत पाण्यात माणसाच्या रक्तात साचत राहतात, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या सीझनपासून स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली.

आता स्केटिंग. क्लासिकमध्ये एक मर्यादा आहे, नीट बघितलं तर दिसते, रेटा द्यायच्या क्षणी स्की थांबावी लागते. अगदी क्षणभर, पण थांबतेच, थांबल्याशिवाय पकड नाही. म्हणजे वेग वाढत गेला की तो थांबण्याचा क्षण पकडणं अवघड होत जातं. स्केटिंगचं उत्तर असं की थांबायचंच नाही. स्की तिरकी ठेवायची, वरून बघितलं तर इंग्रजी व्ही सारखी, तिच्या आतल्या कडेवर कलायचं आणि बाजूला ढकलायचं. स्की स्वतःच्या लांबीच्या दिशेने घसरतच राहते, पण आडवी सरकू शकत नाही कारण कड बर्फात रुतलेली, त्या कडेला ढकलून तुम्ही दुसऱ्या पायावर जाता. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी पोरं रोलर स्केट्सवर जे करतात तेच डिट्टो, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी लहानपणी रोलर स्केटिंग केलंय त्यांना हा प्रकार पटकन जमतो. इथे पकडायच्या वॅक्सची गरजच नाही, पूर्ण तळ गुळगुळीत. कोड्याचं उत्तर तळाकडून कडेकडे गेलं, बस.

त्यामुळे सामान बदलतं. स्केटिंगची स्की आखूड, उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर जास्त, क्लासिकची वीसेक सेंटीमीटर जास्त. स्केटिंगचे बूट घोट्याच्या वर पर्यंत कडक, कारण सगळा जोर बाजूला जातो आणि घोटा मुरगळू नये, क्लासिकचे बूट मऊ आणि ठेंगणे कारण पाऊल वाकलं पाहिजे. काठ्या क्लासिकला खांद्यापर्यंत, स्केटिंगला हनुवटी-ओठांपर्यंत. दोन्हीला चालणारी स्की असते, कॉम्बी म्हणतात, मी म्हणेन घेऊ नका, ना धड इकडची ना धड तिकडची.

स्केटिंगमध्ये काठ्या आणि पाय यांचं गणित गाडीच्या गिअरसारखं असतं, आणि लोक खरंच गिअरच म्हणतात. चढावर एका बाजूच्या पावलाबरोबर दोन्ही काठ्या मारायच्या, दुसऱ्या बाजूला नाही, थोडं लंगडल्यासारखं दिसतं. सपाटीवर जोर लावायचा तर प्रत्येक पावलाला दोन्ही काठ्या, हा सगळ्यात सुंदर दिसणारा आणि सगळ्यात दमवणारा प्रकार, कारण एका पायावर तोल धरून लांब घसरता आलं पाहिजे. वेग आधीच असेल तर परत एका आड एक, पण सरळ, लंगडं नाही. आणि वेग फारच असेल तर काठ्या बगलेत आणि नुसते पाय. नवीन माणूस दुसऱ्यात सुरुवात करायला जातो आणि शंभर मीटरवर धापा टाकत काठीवर ओणवा होतो. इथली दरी १,८०० मीटरवर आहे हेही विसरू नका, महाबळेश्वर साधारण १,३५० वर आहे, म्हणजे त्याच्याही बरीच वर.

हे स्केटिंग फार जुनं नाही. सत्तरच्या दशकात पाउली सिटोनेन नावाचा फिनलंडचा स्कीअर लांबच्या शर्यतींमध्ये एक पाय खाचेत ठेवून दुसऱ्याने बाजूला ढकलायचा. अमेरिकेच्या बिल कॉकने, ज्याने १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरमध्ये रौप्य मिळवलं होतं, ते उचललं आणि १९८२ मध्ये वर्ल्ड कप जिंकला. मग काय, सगळ्यांनीच सुरू केलं, खाचेबाहेर येऊन दोन्ही पायांनी. १९८५ च्या सीफेल्डच्या जागतिक स्पर्धेत तर सगळीकडे स्केटिंगच दिसत होतं. जुन्या लोकांना, विशेषतः नॉर्डिक देशांत, हा खेळाचा खून वाटला, कारण जुनी चाल आता मरणार हे दिसत होतं. शेवटी तोडगा आपल्या एकत्र कुटुंबासारखा निघाला, वाटणी! १९८७ च्या ओबर्स्टडॉर्फ जागतिक स्पर्धेपासून काही शर्यती क्लासिकच्या, काही फ्रीस्टाइलच्या. फ्रीस्टाइल म्हणजे कागदावर कसंही चाला, प्रत्यक्षात स्केटिंग, कारण ते वेगवान आहे.

वाटणीनंतरही भांडण संपलं नाही. क्लासिकमध्ये एक चाल आहे, पाय हलवायचेच नाहीत, दोन्ही काठ्या एकदम रोवायच्या आणि पोटाच्या जोरावर स्वतःला ओढायचं, होडी रेटायच्या बांबूसारखं. पूर्वी ती सपाटीपुरती होती. हल्लीच्या स्कीअरांनी दंड-पोट असं काही कमावलं की पकडायचं वॅक्सच लावायचं नाही, तळ पूर्ण गुळगुळीत ठेवायचा आणि चढसुद्धा नुसत्या हातांनी मारायचा. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेटसारख्या शर्यतीत पुढचे लोक हेच करतात. मग संघटनेने २०१६ मध्ये नियम आणला की क्लासिक शर्यतीत काठीची उंची माणसाच्या बुटासकट उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे हातांना तेवढा फायदा मिळू नये.

बरं, आता दरीकडे येऊ, कारण हे सगळं कुठे करायचं याला फार महत्त्व आहे.

एंगाडीन ही स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातली इन नदीची लांबलचक दरी. आल्प्समध्ये दऱ्या खूप आहेत पण बहुतेक एक तर खोल आणि ठेंगण्या, म्हणजे बर्फ टिकत नाही, नाहीतर उंच पण अरुंद आणि तिरप्या. वरच्या एंगाडीनची गंमत अशी की उंची १,७००-१,८०० मीटर आणि तळ परातीसारखा सपाट, त्यात ओळीने सरोवरं, सिल्स, सिल्वाप्लाना, शांफेर, सेंट मॉरिट्झ. जानेवारीपर्यंत सरोवरं गोठतात, बर्फाची जाडी मोजून ठीक वाटली की त्यावरूनच ट्रेल आखतात. दोनशे किलोमीटरच्या वर आखलेले मार्ग आहेत. इथे त्यांना लॉयपे म्हणतात, शब्द नॉर्वेजियन, जर्मनने उचललेला, आणि इथल्या लोकांची मूळ भाषा तिसरीच, रोमान्श. भेटल्यावर "आलेग्रा" म्हणायचं, लोक खूश होतात.

दरीचा मुख्य मार्ग म्हणजे मालोयापासून श्चान्फ गावापर्यंत ४२ किलोमीटर. या गावाच्या नावापाशी जर्मन पर्यटकांची जीभ वळत नाही, आपल्याला मात्र काहीच नाही, पश्चिम मधला श्च आहे तो! १९६९ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी या मार्गावर एंगाडीन स्कीमॅरेथॉन होते, दहा हजारांहून जास्त लोक. सुरुवात मालोयाला गोठलेल्या सरोवरापाशी, मग सिल्सचं आणि सिल्वाप्लानाचं सरोवर, हा भाग इतका सपाट आणि रुंद की स्केटिंगवाल्यांचा स्वर्ग, जिंकणारे सगळा मार्ग दीड तासाच्या आत संपवतात. सपाट असणं हे नवख्याला वरदान वाटतं पण एक सांगते, सपाटीवर विश्रांती नसते, उतार असेल तर क्षणभर उभं राहून दम खाता येतो, सरोवरावर प्रत्येक मीटर स्वतः कमवायचा, आणि वारा समोरून असेल तर विचारू नका.

सेंट मॉरिट्झच्या सरोवराचं एक आपलं कनेक्शन आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. या गोठलेल्या सरोवरावर १९०७ पासून घोड्यांच्या शर्यती होतात हे ठीक, पण २०१८ च्या फेब्रुवारीत इथे चक्क क्रिकेट झालं, मॅट टाकून, एका टीमचा कॅप्टन सेहवाग, दुसऱ्याचा आफ्रिदी, आणि सेहवागच्या टीममध्ये आपले झहीर खान आणि अजित आगरकर. वानखेडेवरून थेट बर्फावर.

सेंट मॉरिट्झ संपलं की मार्ग जंगलात शिरतो, स्टात्सच्या जंगलात, आणि तिथे चढ. मॅरेथॉनच्या दिवशी इथे ट्रॅफिक जॅम होतो, कात्रजच्या बोगद्यासारखा, माणसं स्की घालून रांगेत उभी. मग उतार, वळणावळणाचा, पोंत्रेसिनाकडे, आणि तिथल्या झाडांना शर्यतीच्या दिवशी गाद्या बांधतात. खोटं नाही, खरोखरच्या गाद्या! कारण या स्कीला धार नाही, टाच मोकळी, आणि दमलेले हजारो लोक एकामागून एक खाली येतात. प्रेक्षकांची सगळ्यात जास्त गर्दी नेमकी तिथेच असते, माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

पुढे सामेदानला विमानतळाच्या शेजारून सपाटी, इथून खाली त्सुओत्सपर्यंत दरी उघडी आणि शांत, आणि मला वैयक्तिक हाच भाग आवडतो. सेंट मॉरिट्झचा चकचकाट मागे राहतो, जाड भिंतींची जुनी घरं दिसायला लागतात, घरांच्या दर्शनी भागावर चुन्यात खरवडून काढलेली नक्षी. क्लासिकसाठीही हा भाग उत्तम. शेवटी शेवटी त्सुओत्सनंतर दोन-तीन आगाऊ टेकाडं येतात, तोवर पायात काही उरलेलं नसतं.

या मुख्य रस्त्याला बाजूच्या दऱ्या फुटतात. वाल रोझेगमध्ये पोंत्रेसिनाहून आत सात-आठ किलोमीटर, हळूहळू चढत, शेजारच्या वाटेवरून घोड्यांच्या बर्फगाड्या घुंगरं वाजवत जातात. मोर्तेरात्शचा मार्ग तोच ट्रेनमधून दिसलेला. या दोन्ही ठिकाणी येताना उतार हळुवार आहे, त्यामुळे जाताना शिव्या आणि येताना गाणी. ट्रेलवर रंग असतात, निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. काही गावांजवळ रात्री दिवे लावलेले मार्ग आहेत, ऑफिस सुटल्यावर लोक तिथे फेऱ्या मारतात आणि कुत्र्यांना घेऊन जायला वेगळे मार्ग आहेत, बाकीच्यांवर कुत्रा न्यायचा नाही.

मार्ग रोज रात्री तयार होतो. रणगाड्यासारखे पट्टे असलेलं मोठं मशीन फिरतं, पुढे फावडं, मागे दातेरी रोलर, बर्फ फोडून परत दाबतं, त्याने कॉर्डरॉय पँटीसारख्या बारीक रेघा उमटतात, ती रुंद पट्टी स्केटिंगची. आणि कडेला लोखंडी साच्याने दोन समांतर खाचा दाबल्या जातात, त्या क्लासिकच्या. रात्रभर गोठून घट्ट झालं की सकाळी आठला काय सुंदर दिसतं ते, आणि त्यावर पहिली स्की आपली असावी यासाठी लोक खरंच पहाटे उठतात. म्हणूनच या रस्त्यावर बुटाने चाललेलं कोणालाच आवडत नाही, पावलाचा खड्डा गोठला की तो दिवसभर लोकांना पाडतो. चालणाऱ्यांची वाट वेगळी असते, पाटी बघा. स्केटिंगवाल्यांनी खाचांवर पाय टाकायचा नाही, क्लासिकवाल्यांनी रुंद पट्टीवर गप्पा मारत तिघं तिघं शेजारी चालायचं नाही, उतारावरून येणाऱ्याला वाट द्यायची, पडलात तर आधी बाजूला सरका आणि मग हसा. पास घ्यावा लागतो, तो तपासतात, आणि त्या पैशातूनच ते मशीन फिरतं.

पण बर्फ कमी होतोय, हे इथे सगळेच बोलतात. शेजारचं दावोस, हो तेच, जिथे दर जानेवारीत आपल्या सरकारचे सामंजस्य करार होतात, तिथे आता उन्हाळाभर बर्फाचा ढीग लाकडाच्या भुशाखाली झाकून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी तो पसरून चार किलोमीटरचा ट्रेल उघडतात. वाचलं तेव्हा मला आमच्या गावातला बर्फवाला आठवला, गोणपाट आणि भुशात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवर घेऊन येणारा. तंत्रज्ञान तेच आहे.

भाऊ विचारत होता की आपले कोणी खेळतात का. खेळतात, आणि बहुतेक सैन्यातले, गुलमर्गच्या सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलेले. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटर फ्रीस्टाइल शर्यतीत जगदीश सिंग १०३ वा आला. त्याच शर्यतीचं सुवर्ण दारिओ कोलोन्याला मिळालं, जो एंगाडीनच्या शेजारच्या म्युस्टाइर दरीतला, चार ऑलिंपिक सुवर्णांचा मालक. दोघांत साधारण नऊ मिनिटांचा फरक. १०३ वा ऐकून हसू नका, त्याच शर्यतीत टोंगाचा पीटा टाउफाटोफुआ जगदीशच्या मागे होता आणि त्याने तर बहुतेक तयारी डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर केली होती. चाकांची स्की म्हणजे रोलर स्की, इथलेही सगळे खेळाडू उन्हाळ्यात तीच वापरतात.

तर भावाने परत जाताना विचारलं, "पुढच्या वर्षी आलो तर कुठली स्की भाड्याने घेऊ?" क्लासिक, लोकरीच्या पट्टीवाली, आणि सामेदानच्या सपाटीवर सकाळी साडेनऊला, ऊन आल्यावर. पहिला तास काठ्या काखेत धर, नुसतं पायांवर वजन टाकायला शीक, काठ्या हातात असल्या की माणूस पायांचं काम हातांवर ढकलतो. स्केटिंग तिसऱ्या दिवशी बघू. आणि उतार आला तर एक पाय खाचेतून बाहेर काढून स्की तिरकी करायची, ब्रेक लागतो, थोडाफार. नाहीच लागला तर सरळ बसून घे, बर्फ मऊ आहे, आणि गाद्या फक्त शर्यतीच्या दिवशी बांधलेल्या असतात.